आपोआप बरी झालेली बाई : सीएक्ससीआर-४ जनुकाचं एक प्रकरण

वॉशिंग्टनला खेटून असलेल्या बेथेस्डा इथे अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच, ही सरकारी संशोधन संस्था आहे. फिलिप मर्फी आणि डेव्हिड मॅकडरमॉट हे दोघं डॉक्टर तिथे विम सिंड्रोम नावाच्या एका अतिदुर्मीळ आजारावर काम करत होते. साठीला टेकलेली एक बाई आपल्या दोन तरुण मुलींना घेऊन त्यांच्याकडे आली. दोन्ही मुलींना विम होता. बाईंचं म्हणणं असं की मलाही होता, पण आता नाही. गेली वीस वर्षं मला काही झालेलं नाही.

जन्मजात जनुकीय आजाराबद्दल ‘होता’ असा भूतकाळ सहसा कोणी वापरत नाही. जनुक शरीराच्या पेशीपेशीत असतं, ते काही मधुमेहाच्या साखरेसारखं पथ्यपाण्याने खाली येत नाही. असा दावा ऐकल्यावर डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते ती जुन्या निदानाबद्दल. लहानपणी कोणीतरी काहीतरी सांगितलं असेल, ते चुकीचं असेल.

इथे तो मार्ग बंद होता. कारण या बाईंचं निदान वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेलं होतं. १९६४ साली हा आजार वैद्यकीय नियतकालिकात पहिल्यांदा छापून आला, तेव्हा त्यात जिचं वर्णन होतं ती लहान मुलगी म्हणजेच या बाई. या आजाराचा जगातला पहिला नोंदलेला रुग्ण. एनआयएचच्या कागदपत्रांत त्यांचं नाव विम-०९.

छावणी भरलेली, रस्ते ओस

त्या लहान मुलीला वरचेवर जंतुसंसर्ग व्हायचे. रक्त तपासलं की न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीतच. न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींतलं पायदळ. जखमेत जंतू शिरले की सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या आणि पू होऊन मरणाऱ्या या पेशी. निरोगी माणसाच्या हाडांतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ते दीड हजारांच्या वर असावे लागतात. विमच्या रुग्णात ते बऱ्याचदा पाचशेच्याही खाली असतात.

काउंट इतका कमी आला की साधारण दोन शक्यता तपासतात. एक तर कारखानाच बंद पडलाय, मज्जा ओस आहे. नाहीतर माल तयार होतोय, पण बाहेर आल्यावर कोणीतरी त्याचा नाश करतंय. ते ठरवायला बोन मॅरो काढून काचपट्टीवर पसरतात. या मुलीची मज्जा ओस नव्हती. ती पिकलेल्या, पूर्ण वाढ झालेल्या न्यूट्रोफिलनी गच्च भरलेली होती. सैन्य तयार होतं, पण छावणीतून बाहेर पडत नव्हतं.

काचपट्टी मोठ्या भिंगाखाली पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती एकदा पाहिली की विसरता येत नाही. नेहमीच्या न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार गोळ्यांचं असतं, एकमेकांना चिकटून बसलेल्या. इथे त्या गोळ्या लांब लांब गेलेल्या असतात आणि मधे केसासारखा बारीक धागा ताणलेला असतो. काळी पोत सैल होऊन मणी दोऱ्यावर दूर सरकावेत तसं. पेशीच्या अंगात बुडबुड्यांसारखी पोकळी. ही म्हातारपणाची लक्षणं. जी पेशी काही तासांत रक्तात उतरायला हवी होती, ती जागच्या जागी पिकून, सुकून मरते आहे.

डेट्रॉइटचे बालरक्तरोगतज्ज्ञ वुल्फ झुल्झर यांनी १९६४ मध्ये या अवस्थेला मायलोकॅथेक्सिस हे नाव दिलं. ग्रीकमधून घेतलेलं, ‘मज्जेत अडकून राहणं’ अशा अर्थाचं. कारण हाती नसताना दिलेलं नाव इतकं नेमकं असण्याचे प्रसंग वैद्यकात थोडे. अडकणं म्हणजे काय, कोणी अडवलंय, हे कळायला पुढे जवळपास चाळीस वर्षं जावी लागली.

दरम्यान असेच आणखी रुग्ण सापडले आणि चार गोष्टी एकत्र येतात हे लक्षात आलं : हट्टी चामखिळी, रक्तात प्रतिपिंडांची कमतरता, पुन्हा पुन्हा होणारे जंतुसंसर्ग आणि मज्जेत अडकलेल्या पांढऱ्या पेशी. या चार इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडून १९९० मध्ये ‘विम’ हा शब्द आला. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो लहर. चामखिळी इथे दोन-चार नसतात. हात, पाय, जननेंद्रियं भरून जातात, आणि त्यांच्यामागे पॅपिलोमा विषाणू असल्यामुळे पुढे कर्करोगाची भीती राहते. वारंवार न्यूमोनिया होऊन फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या ढिल्या पडतात.

निदान चुकवणारी एक खोड या आजारात आहे. संसर्ग जोराचा झाला की अडकलेल्या पेशींपैकी काही सुटतात आणि काउंट वर येतो. आपल्याकडे सीबीसी कधी करतात? ताप आल्यावर. म्हणजे नेमका जेव्हा रिपोर्ट बरा दिसणार तेव्हाच रक्त काढलं जातं, आणि पेशंट बरा होऊन घरी गेला की काउंट पुन्हा तळाला. बऱ्या दिवसांत रक्त तपासायचं कोणाला सुचणार?

अडकलेलं बटण

२००३ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या जॉर्ज डायझ यांच्या गटाने विमचं जनुक शोधलं. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरचं सीएक्ससीआर-४. पेशींच्या हालचालीशी संबंधित जनुकांमध्ये याच्याइतकं कामसू जनुक क्वचितच असेल.

त्याचं काम समजायला अवघड नाही. हे जनुक एक ग्राही, म्हणजे रिसेप्टर, बनवतं. तो पेशीच्या पृष्ठभागावर बसतो आणि सीएक्ससीएल-१२ नावाच्या एका रासायनिक हाकेची वाट पाहतो. ही हाक मज्जेतल्या आधार देणाऱ्या पेशी सतत घालत असतात. हाक जिकडून जोरात येते तिकडे पेशी सरकते, आणि मज्जेत असेल तर तिथेच थांबते. न्यूट्रोफिल तयार होत असताना सीएक्ससीआर-४ त्याला धरून ठेवतो. पिकत आल्यावर पृष्ठभागावरचे हे रिसेप्टर कमी होतात, बाहेर ओढणारे दुसरे रिसेप्टर वाढतात, आणि पेशी रक्तात उतरते. गंमत म्हणजे रक्तात फिरून म्हातारा झालेला न्यूट्रोफिल पुन्हा सीएक्ससीआर-४ अंगावर घेतो आणि मरायला मज्जेत परततो.

म्हणजे हाक ऐकू येणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती योग्य वेळी ऐकू येईनाशी होणंही. रिसेप्टरला रसायन चिकटलं की आत संदेश जातो. लगेच रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेटच्या खुणा चढतात, अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन तिला धरतं आणि रिसेप्टर पेशीच्या आत खेचला जातो. संदेश थांबतो. दाराच्या बेलचं बटण दाबून सोडलं की ते वर येतं, तसं.

सीएक्ससीआर-४ हे प्रथिन ३५२ अमिनो आम्लांचं आहे. विमच्या बऱ्याच रुग्णांत, आणि या बाईंमध्येही, ३३४ व्या जागेवर ‘इथे थांबा’ असा चुकीचा आदेश येतो. या दोषाचं तांत्रिक नाव आर-३३४-एक्स. शेवटची १९ अमिनो आम्लं गळतात. रिसेप्टर तयार होतो, पृष्ठभागावर बसतो, हाकही ऐकतो. फक्त ज्या शेपटीवर त्याला थांबवायचं यंत्र चालतं ती आखूड झालेली असते. बटण आतच अडकतं आणि बेल वाजत राहते. मज्जेतून येणारी हाक पेशीला वाजवीपेक्षा जोरात आणि जास्त वेळ ऐकू येते, आणि ती हलत नाही.

बहुतेक जनुकीय आजारांत काहीतरी कमी पडतं : एखादं विकर, म्हणजे एन्झाइम, बनत नाही, एखादं प्रथिन तुटतं. विममध्ये उलट आहे. जनुकाची एक प्रत चांगली, दुसरी अतिउत्साही. आणि एकच अतिउत्साही प्रत आजाराला पुरते. म्हणून तो आईकडून मुलांत प्रत्येक वेळी निम्म्या शक्यतेने उतरतो. हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, कारण विम-०९ च्या प्रकरणाचं कुलूप इथेच उघडतं. चांगली प्रत वाढवून उपयोग नव्हता. वाईट प्रत नाहीशी व्हायला हवी होती.

रक्तात काय सापडलं

बाईंच्या सांगण्याप्रमाणे अडतिशीच्या सुमारास त्यांचे संसर्ग थांबले, चामखिळी गेल्या. तपासणीत न्यूट्रोफिलचा काउंटही उत्तम होता. मग संशोधकांनी रक्तातल्या वेगवेगळ्या पेशी अलग केल्या आणि प्रत्येकीत सीएक्ससीआर-४ चा तो दोष शोधला.

लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या दुसऱ्या कुळात तो सापडला, अपेक्षेप्रमाणे. न्यूट्रोफिल आणि त्यांच्या कुळातल्या इतर पेशींमध्ये, ज्यांना मायलॉइड म्हणतात, सापडला नाही. एकाच बाईच्या एकाच नळीतल्या रक्तात दोन जनुकीय माणसं नांदत होती म्हणा ना.

दोष दुरुस्त झाला असेल असं वाटू शकतं. पण तसं नव्हतं. मायलॉइड पेशींमधलं दुसऱ्या क्रमांकाचं एक गुणसूत्र आखूड होतं. संपूर्ण जिनोम वाचून पाहिल्यावर कळलं की त्याचे तुकडे तुकडे झाले होते आणि ते वेड्यावाकड्या क्रमाने, काही उलटे, पुन्हा जोडले गेले होते. जोडताना काही तुकडे हरवले. हरवलेल्या भागात एकूण १६४ जनुकं होती, आणि त्या १६४ पैकी एक होतं सीएक्ससीआर-४ ची वाईट प्रत.

गुणसूत्राच्या अशा चक्काचूर होण्याला क्रोमोथ्रिप्सिस म्हणतात. हा शब्दही ग्रीक आणि ताजा : इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या पीटर कॅम्पबेल यांच्या गटाने तो २०११ मध्ये वापरात आणला. त्यांना हा प्रकार कर्करोगाच्या पेशींमध्ये दिसला होता. तोवरची समजूत अशी की जनुकांतले बिघाड एकेक करून वर्षानुवर्षं साचतात. क्रोमोथ्रिप्सिसमध्ये डझनावारी तुटी एका फटक्यात होतात. पेशी बहुधा मरते. वाचली तर कर्करोगाच्या वाटेला लागण्याची भीती. अशी घटना कोणाला बरं करून गेल्याचं तोपर्यंत माहीत नव्हतं. मर्फी, मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आला.

किती गोष्टी जुळून आल्या ते जरा मोजून पाहू. गुणसूत्र फुटलं ते नेमकं दुसऱ्या क्रमांकाचं. दोन प्रतींपैकी वाईट जनुक असलेलंच फुटलं; चांगल्या प्रतीचं फुटलं असतं तर बाईंकडे फक्त बिघडलेला रिसेप्टर उरला असता. हरवलेल्या तुकड्यात ते जनुक नेमकं होतं. उरलेल्या १६३ जनुकांची एकेकच प्रत शिल्लक राहूनही पेशी जगली आणि उधळली नाही. आणि हे सगळं घडलं ते रक्ताच्या मूलपेशीत, म्हणजे जिच्यापासून पुढे रक्तातल्या पेशी जन्मतात तिच्यात. साध्या न्यूट्रोफिलमध्ये घडलं असतं तर दोन-चार दिवसांत विषय संपला असता, कोणाला पत्ताही लागला नसता.

तरी एवढ्याने भागत नाही. मज्जेत मूलपेशी हजारोंनी असतात. त्यातली एक सुधारली म्हणून काय बिघडतं किंवा सुधरतं? बाईंच्या मायलॉइड पेशी तर जवळपास सगळ्या या एका पूर्वज पेशीच्या वंशातल्या निघाल्या. त्या एकीने बाकीच्यांना मागे टाकलं कसं?

उंदरांतली शर्यत

मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात आवडतो. एका रुग्णावरून निष्कर्ष काढता येत नाही, आणि हरवलेल्या १६४ जनुकांपैकी श्रेय कोणाला द्यायचं हे बाईंच्या रक्तावरून ठरणार नव्हतं. म्हणून संशोधकांनी उंदरांत शर्यत लावली. एका बाजूला सीएक्ससीआर-४ ची एकच प्रत असलेल्या उंदरांची मज्जा, दुसऱ्या बाजूला दोन चांगल्या प्रती असलेल्यांची किंवा विमचा दोष असलेल्यांची. दोन्ही मिसळून तिसऱ्या उंदराला दिल्या आणि काही महिन्यांनी रक्तात कोणाची पिलावळ जास्त ते मोजलं.

एकच प्रत असलेली मज्जा जिंकली. विमच्या मज्जेवर तर जिंकलीच, पण पूर्ण निरोगी मज्जेवरही. सीएक्ससीआर-४ मूलपेशींना मज्जेत स्थिर ठेवतो; तो अर्धा झाला की त्या जास्त विभागतात आणि जागा पटकावतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे जी घटना वाईट प्रत घेऊन गेली, तिनेच त्या पेशीला शर्यतीत पुढे ढकललं. हरवलेल्या इतर जनुकांचा हातभार असेलही, पण या एका जनुकाची अर्धी गैरहजेरी पुरेशी होती एवढं उंदरांवरून दिसलं.

लिम्फोसाइट मात्र जुनेच राहिले, दोषासकट. तरीही चामखिळी गेल्या. चामखिळीच्या विषाणूशी लढण्यात लिम्फोसाइटांचा वाटा मोठा मानतात, त्यामुळे हे नीट जुळत नाही. ‘बरी झाली’ हा शब्द म्हणून मी जरा जपूनच वापरतो : त्रास गेला, काउंट सुधारला, पण सगळं शरीर नवं झालं नाही.

औषधाचा उलटा प्रवास

निसर्गाने हे एकदाच, अपघाताने केलं. औषधाने करायचं तर रिसेप्टरच्या तोंडावर बूच बसवणं हा सरळ मार्ग. असं औषध तयारही होतं, पण वेगळ्याच कामासाठी. एचआयव्ही पेशीत शिरताना ज्या दोन दारांपैकी एक वापरतो त्यातलं एक म्हणजे सीएक्ससीआर-४. हे १९९६ मध्ये कळलं. ते दार बंद करायला प्लेरिक्साफॉर हे औषध माणसांत तपासलं जात असताना लक्षात आलं की स्वयंसेवकांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भराभरा वाढतायत. एचआयव्हीचं औषध म्हणून ते चाललं नाही. पण मज्जेतल्या मूलपेशी रक्तात सोडवून आणायला ते उत्तम निघालं, आणि २००८ मध्ये अमेरिकेत त्या कामासाठी त्याला मान्यता मिळाली. मायलोमा किंवा लिम्फोमा या कर्करोगांच्या पेशंटच्या स्वतःच्या मूलपेशी गोळा करताना आपल्याकडच्या प्रत्यारोपण केंद्रांतही हे इंजेक्शन वापरतात.

विमसाठी ते जणू बेतून शिवलेलं. तरी प्रत्यक्षात गणित इतकं सरळ आलं नाही. १९ रुग्णांवर एनआयएचने प्लेरिक्साफॉर आणि न्यूट्रोफिल वाढवायला नेहमी देतात ते जी-सीएसएफ इंजेक्शन यांची आलटून पालटून तुलना केली. निकाल २०२३ मध्ये आले. संसर्गाचा एकूण त्रास कमी करण्यात प्लेरिक्साफॉर सरस ठरलं नाही. मात्र जी-सीएसएफ मुख्यतः न्यूट्रोफिलच वाढवतं, आणि प्लेरिक्साफॉरने लिम्फोसाइटांसह सगळ्याच पांढऱ्या पेशी वाढल्या. अनेकांच्या चामखिळीही आक्रसल्या. दिवसातून दोनदा टोचून घ्यायचं ते वेगळंच.

त्यानंतर तोंडाने घ्यायची कॅप्सूल आली, मॅव्होरिक्साफॉर. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १२ वर्षं आणि त्यावरच्या विम रुग्णांसाठी ती मंजूर केली. खास विमसाठी मंजूर झालेलं हे पहिलं औषध. चाचणीत ३१ रुग्ण होते. कॅप्सूल घेणाऱ्यांचे न्यूट्रोफिल चोवीस तासांपैकी सरासरी १५ तास पाचशेच्या वर राहिले, खोटी गोळी घेणाऱ्यांचे तीन तासांपेक्षाही कमी. हा काटा मला बोलका वाटतो. औषध असेपर्यंत बटण वर राहतं, ओसरलं की पुन्हा आत अडकतं.

मग कायमचं बूच का नको? सीएक्ससीआर-४ फक्त पांढऱ्या पेशींच्या कामाचा असता तर विचार सोपा होता. १९९८ मध्ये हे जनुक पूर्ण काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले, ते गर्भातच किंवा जन्मताच मेले. हृदयात दोष, मज्जेत रक्त नाही, आणि लहान मेंदूतल्या चेतापेशी जागा सोडून भलतीकडे गेलेल्या. गर्भात मेंदूच्या पेशींनाही हाच रिसेप्टर रस्ता दाखवतो. उलट बाजूनेही तो पिच्छा सोडत नाही : स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी याच हाकेच्या मागे हाडं, फुप्फुसं, यकृताकडे जातात हे २००१ मध्ये दिसलं, आणि वाल्डनस्ट्रॉम नावाच्या रक्ताच्या कर्करोगात तर विमसारखेच शेपटी तोडणारे दोष रुग्णांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्श्यात सापडतात. तिथे ते जन्मजात नसतात, आयुष्यात पुढे कधीतरी कर्करोगाच्या पेशीत उगवलेले असतात. शून्य नको, दुप्पट नको. अर्धं चालतं, एवढं विम-०९ ने दाखवलं.

मर्फी यांच्या प्रयोगशाळेने पुढे तोच धागा धरला. २०१८ मध्ये त्यांनी विमच्या उंदरांना एकाच प्रतीची मज्जा दिली, तीही आधीची मज्जा किरणांनी किंवा औषधांनी न जाळता, आणि त्यांच्या पांढऱ्या पेशी सुधारल्या. प्रत्यारोपणात पेशंटचे सगळ्यात जास्त हाल त्या जाळण्याने होतात, म्हणून हा निकाल विमच्या बाहेरही वाचला गेला. रुग्णाच्याच मूलपेशी काढून त्यातली वाईट प्रत जनुकं कापणाऱ्या रेणूंच्या कात्रीने निकामी करायची आणि परत द्यायची, ही कल्पना तिथून निघाली. उंदरांत तिच्यावर काम झालं आहे.

बाईंच्या मुलींना मात्र आईच्या अपघाताचा काही उपयोग नाही. गुणसूत्र फुटलं ते मज्जेतल्या एका पेशीत. स्त्रीबीजांपर्यंत ती घटना पोचतच नाही. तिथे सीएक्ससीआर-४ च्या दोन्ही प्रती जागेवर होत्या, एक चांगली आणि एक १९ अमिनो आम्लं कमी असलेली, आणि दोन्ही मुलींच्या वाट्याला दुसरी आली.